वार पडेपर्यंत

मी ढोरांची डॉक्टर नाही. कॉलेजची चार वर्षं मी हे वाक्य अमळनेरच्या स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे बोलले आणि कुणालाही ते पटलं नाही. मी धुळ्याला कृषी पदवीला होते. त्यात माती, पिकं, किडी, हवामान असं सगळं होतं आणि त्यातच पशुविज्ञानाचे दोन-तीन विषय होते. ढोरांना खायला काय घालायचं, गोठा कसा बांधायचा, वासरू कसं वाढवायचं, दुधाचं फॅट कसं काढायचं, एवढंच. इंजेक्शनं द्यायला शिकवतात ते कॉलेज वेगळं. हे सगळं समजावून झालं की समोरचा मान हलवायचा आणि म्हणायचा, बरं, ते राहू दे, आमची गाय दोन दिवसांपासून चाऱ्याला तोंड लावत नाही, काय करू?

लोकांना तरी काय बोलणार? मी नक्की काय शिकते आहे हे मलाच धड कळत नव्हतं. बारावीनंतरची प्रवेश परीक्षा जळगावला दिली, मार्क पडायचे तेवढे पडले, आणि ऑनलाइन कॉलेजांची जी यादी भरायची असते ती वडिलांनी सायबर कॅफेत बसून भरली. त्यात धुळं वरती होतं, कारण गावापासून एसटीने सरळ जाता येतं. अशा रीतीने मी शेतीकडे आणि तिथून पशुविज्ञानाकडे वळले. कुणी मुलाखतीत विचारलं तर ‘लहानपणापासून जनावरांची आवड’ असं सांगायचं, हे मला एका सिनियर मुलीने शिकवलं. आवड म्हणाल तर लहानपणी मला म्हशीची शेपूट तोंडावर बसायची तेवढीच आठवण आहे.

पहिल्या वर्गापासून गोंधळ सुरू झाला. शिकवणं सगळं इंग्रजीत. सर कोलोस्ट्रम म्हणत होते, मी कोलोस्ट्रम लिहून घेत होते, आणि ते एखादं विकत मिळणारं पावडरीचं औषध असावं अशी माझी पक्की समजूत होती. पंधरा दिवसांनी प्रॅक्टिकलला गोठ्यावर गेलो, तिथल्या भाऊंनी नुकत्याच व्यालेल्या गाईचं पिवळंधमक दूध बादलीत दाखवलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. अरे, हा तर चीक. ज्याचा खरवस करतात तो. एवढ्या साध्या गोष्टीला मी पंधरा दिवस घाबरत होते.

गाय पाहून तिला गुण द्यायचं एक प्रॅक्टिकल असायचं. डोकं कसं, पाठ सरळ आहे का, कास कशी, सडं एकसारखी आहेत का, असा छापील तक्ता आणि शंभरपैकी मार्क. मी एका गाईला ऐंशी दिले. माझ्या शेजारच्या मुलीने त्याच गाईला पन्नास दिले. सरांनी दोन्ही कागद बघितले आणि दोघींचंही चूक आहे म्हणून पुढे गेले. बरोबर किती ते सांगितलं नाही. मी अजूनही कधी कधी त्या गाईचा विचार करते.

म्हशींच्या जाती पाठ केल्या. मुऱ्हा, मेहसाणी, जाफराबादी, पंढरपुरी. शिंगं कुठे वळतात, कपाळ केवढं, सगळं. मग सुट्टीत घरी आले आणि वही घेऊन फुईच्या म्हशीसमोर उभी राहिले. फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिची म्हैस एकाही जातीत बसेना. एक शिंग मागे गेलेलं, दुसरं खाली. पुस्तकात अशा जनावरांसाठी एक शब्द आहे, नॉन-डिस्क्रिप्ट. फुईने विचारलं, काय लिहिलंय मनी म्हसबद्दल? मी अर्थ सांगितला, वर्णन करण्यासारखं काही नाही असं.

‘तुना सरले म्हना आठे ये,’ फुई म्हणाली. ‘मी सांगस वर्णन.’

फुई आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून एकटी राहायची. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वडील तिला दर सणाला म्हणायचे, अक्का, आता ते शेणामुताचं बंद कर, आमच्याकडे येऊन राहा. ती हो म्हणायची आणि जायची नाही. भावाच्या घरी पाहुणी म्हणून जेवणं वेगळं आणि रोजच्या ताटावर बसणं वेगळं, हे ती तोंडाने बोलायची नाही, पण सगळ्यांना कळायचं. गल्लीतल्या सहा-सात घरी तिचा दुधाचा रतीब होता. त्यावर तिची चूल पेटायची आणि त्यावरच तिचं वेगळं घर उभं होतं. म्हैस गेली की फुई आमच्या घरी, इतका सरळ मामला होता.

आणि म्हशीचं पारडू जगत नव्हतं. मी बारावीला असताना एक गेलं, चार-पाच दिवसांचं होऊन. पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. फुई तिच्यापुढे सरकीची ढेप ठेवायची, अर्धा अर्धा तास कास चोळत बसायची, तिच्याशी बोलायची, तेव्हा कुठे निम्मं दूध निघायचं. कुणीतरी सुचवलं, मेलेल्या पारडाच्या कातड्यात भुसा भरून पुढे ठेव, म्हैस चाटत राहील. फुईने त्या माणसाला चहाही विचारला नाही.

दुसऱ्या वेळी म्हैस व्याली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि नेमकी घरी होते. सकाळची वेळ. अंगणात ऊन आलेलं. पारडू धडपडत उभं राहिलं, म्हशीने चाटून कोरडं केलं, आणि ते तोंड पुढे करून कास शोधायला लागलं. फुईने त्याला हळूच बाजूला ओढून खुंट्याला बांधलं.

वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही आमच्याकडची रीत. वार म्हणजे पिल्लाच्या मागून म्हशीच्या पोटातून पडते ती पिशवी. ती पडायच्या आधी कासेला हात लावला तर वार वर चढते, आत अडकते, सडते आणि म्हैस हातची जाते, असं सगळे मानतात. फुईच्या मानण्याला कारणही होतं. सासरी नवी असताना तिने घाई करून चीक काढला होता, वार अडकली आणि ती म्हैस आठ दिवसांत गेली. ते तिने सासूकडून आयुष्यभर ऐकलं.

मला काय माहीत होतं ते आता सांगते. त्याच महिन्यात वर्गात झालं होतं. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते, आणि जसजसा वेळ जातो तसतशी पिल्लाची आतडी ती ताकद आत घेईनाशी होतात. वार पडायची वाट बघू नये. उलट पिल्लू प्यायला लागलं की वार सुटायला मदतच होते. हे सगळं माझ्या वहीत होतं, खाली दोन रेघा मारलेल्या, आणि बाजूला ‘IMP’ लिहिलेलं.

आणि मी अंगणात उभी होते. शेजारचे नाना भिंतीवर हात टेकून उभे होते. वडील होते. फुई पायरीवर बसली होती. सगळे वार पडायची वाट बघत होते, आणि मीही त्यांच्यातच उभी राहून वाट बघत होते. तोंडातून शब्द फुटला नाही. का? मला त्या वेळी खरंच कळेना. फुईने माझ्या वयाइतकी वर्षं ढोरं वाढवली होती. मी वर्षभरापूर्वी चीक हा पावडरीचा डबा समजत होते. मला वाटलं, पुस्तकातली म्हैस वेगळी असेल. तिच्या म्हशीला पुस्तकात जागाच नव्हती ना. आणि समजा मी बोलले, वार अडकली आणि म्हैस गेली, तर? मग मनात आलं, फुईला माहीत असेलच, एवढं साधं तिला माहीत नसेल का? असे सगळे विचार एकमेकांना ढकलत होते आणि पारडू खुंट्याला बांधलेलं ओरडत होतं. मी आत जाऊन पाणी पिऊन आले.

दुपार कलल्यावर वार पडली. तोवर पारडाने मान टाकली होती. फुईने चीक बाटलीने तोंडात सोडला, निम्मा बाहेर आला. चौथ्या दिवशी ते गेलं.

पुढच्या महिन्यात परीक्षा. तिसरा प्रश्न, चिकाचं महत्त्व लिहा, दहा मार्क. मी दोन पानं लिहिली. वार पडायची वाट बघू नये हे वाक्य लिहिताना हात थांबला, मग लिहिलं. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. मैत्रिणींनी पार्टी मागितली, मी त्यांच्यावर कारण नसताना खेकसले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती कुणाला सांगावी हे कळत नव्हतं.

एकदा धीर करून सरांना विचारलं. म्हटलं, सर, एक पारडू चौथ्या दिवशी मेलं, चीक उशिरा दिला होता, त्यानेच मेलं का? सर चांगले होते. ते म्हणाले, असू शकतं. पण नाळ पिकली असेल, थंडी लागली असेल, आणखीही दहा कारणं असतात. न बघता नक्की सांगता येणार नाही. मला नक्की हवं होतं. हो किंवा नाही. तेवढं कुणी सांगितलं असतं तर मी एक तर पूर्ण रडले असते, नाही तर पूर्ण मोकळी झाले असते.

तिसऱ्या वेळेची मी तयारी केली. म्हैस कधी भरली ते फुईला विचारून दहा महिने दहा दिवस मोजले आणि त्या सुमाराला धुळ्याहून घरी येऊन बसले. तोपर्यंत वडिलांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, अक्का, या वेळीही पारडू गेलं तर म्हैस ठेवायची नाही.  फुईने आमच्या घरी येणंच कमी केलं होतं.

या वेळी मी गप्प बसणार नव्हते. इतकी गप्प बसणार नव्हते, की जरा जास्तच बोलले. पारडू जन्मलं, या खेपेला वगार होती, म्हणजे मादी. फुईने दोर हातात घेतला आणि मी तो तिच्या हातातून काढूनच घेतला.

‘फुई, आत्ताच पाजायचं. वार पडेल तेव्हा पडेल.’

‘वार वर चढी जाई.’

‘नाही चढत. पुस्तकात आहे.’

नाना भिंतीवरून बोलले, ‘आम्हीन इतली ढोरं वाढाई ती काय पुस्तक देखीसन?’

माझं डोकं फिरलं. मी नानांना म्हटलं, तुम्ही वाढवली किती आणि मारली किती तेही सांगा. ते मी बोलायला नको होतं. मग मी फुईकडे वळले आणि जे वाक्य बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हटलं, ‘फुई, तुझं ते बठ्ठं आता बंद कर. या वेळी मी सांगेन तेवढंच करायचं. तुझं एकही करायचं नाही.’ मी गावात कधी तिच्या बोलीत बोलत नसे, पण तो ‘बठ्ठं’, म्हणजे सगळं, रागात आपोआप निघाला.

फुई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दोर खाली ठेवला. ‘कर तुना मनसारखं,’ म्हणाली.

वगार प्याली. तोंडाला पिवळा फेस येईपर्यंत प्याली. मी घड्याळाकडे आणि म्हशीच्या मागच्या बाजूकडे आळीपाळीने बघत होते. नाना गेले नाहीत, उभेच होते. तीन तासांच्या आतच वार पडली. अख्खी, स्वच्छ. मी ओरडलेच. वडील हसले. फुईने वार पुरायला खड्डा खणला, आणि माती लोटून झाल्यावर हात धुऊन माझ्या डोक्यावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

चार दिवस मी गावात अशी हिंडले की विचारू नका. पाचव्या दिवशी वगार अंगणात उड्या मारत होती. दोन घरांतून मला बोलावणं आलं, आमची गाय व्यायला आलीय, येऊन सांग. मी गेले आणि भाषण देऊन आले. नानासुद्धा म्हणाले, पोरगी शिकेल शे. मी धुळ्याला परत गेले आणि वर्गात वगारीचा फोटो दाखवला.

एकोणिसाव्या दिवशी फुईचा फोन आला. ती स्वतः कधी फोन करायची नाही, कुणाकडून तरी लावून घेतला होता.

‘पारडू गयं, बाई,’ ती म्हणाली.

मी विचारलं काय झालं. पोट फुगलं होतं, केस राठ झाले होते, पांढरट मातकट हगवण, वास मारणारी. तीन दिवसांत बसलं ते उठलं नाही. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाली, तू परीक्षामां व्हती.

मी वही काढली. चिकाचा धडा जिथे संपत होता त्याच्या पुढच्या पानावर, ‘इतर काळजी’ या मथळ्याखाली, एका ओळीत लिहिलं होतं. म्हशीच्या पारडांना आईच्या दुधातून जंत होतात, म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचं औषध द्यावं. माझ्याच अक्षरात होतं. त्यावर रेघ नव्हती, बाजूला काही लिहिलेलं नव्हतं. ‘इतर काळजी’वर कधी प्रश्न येत नाही, म्हणून आम्ही ते वाचतच नसू.

गावाने त्याचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. वार पडायच्या आधी चीक पाजला म्हणून वगार गेली. उशिरा का होईना, बाधलंच. ज्या दोन घरी मी भाषण दिलं होतं, त्यांतल्या एका घरी महिन्याभराने गाय व्याली आणि त्यांनी वासरू सरळ खुंट्याला बांधलं. मी दिवाळीत त्या घरावरून गेले तेव्हा ती बाई मला बघून आत गेली. मला खरं काय ते माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं, कारण वगार कुणी तपासली नव्हती. नक्की सांगता येणार नाही, हे सरांचं वाक्य आता माझ्या फार सोयीचं झालं होतं. चीक देणं बरोबर होतं, चूक माझीच झाली, दहाव्या दिवसाची, एवढं मी बोलले असते तर गावातली चार वासरं तरी वाचली असती. मी बोलले नाही. लोकांना चिकाला दोष देऊ दिला, कारण माझ्यापेक्षा चिकाने दोष घेतलेला बरा.

म्हैस मात्र फुईने विकली नाही. वडिलांशी तिचं काय बोलणं झालं कोण जाणे. शेवटचं एकदा, असं काहीतरी ठरलं.

डिग्री हातात आली तेव्हा पुढे काय करायचं हा नवा गोंधळ तयारच होता. इतरांबरोबर मीही जळगावच्या एका अभ्यासिकेत नाव घातलं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचायला लागले. त्या उन्हाळ्यात म्हैस चौथ्यांदा व्यायला आली होती, म्हणून गावी आले. फुईच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, आम्ही बिबड्या घालत होतो. ज्वारीच्या पिठाचा गरम घाटा ओल्या कापडावर हाताने थापायचा आणि उन्हात वाळवायचा. हात भाजतात, त्यामुळे एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. तिथे मी बोलले. म्हटलं, फुई, मागची वगार चिकाने नाही गेली. तिला जंत झाले होते. दहाव्या दिवशी औषध द्यायचं असतं. वहीत होतं. मी विसरले.

फुई थापत राहिली. एक बिबडी पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली.

‘जंतच व्हतात,’ ती म्हणाली. ‘शेणमां दिसनात ना माले.’

मी हात तसेच घाट्यात ठेवून तिच्याकडे बघितलं.

मग तिने सांगितलं. पळसपापडी, म्हणजे पळसाच्या शेंगेतली चपटी बी, कुटून गुळात घालून ती पारडांना आठ-दहा दिवसांची झाली की द्यायची. तिच्या आईपासून चालत आलेलं. आधीची दोन तेवढी जगलीच नाहीत, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. वगारीसाठी तिने बिया आणून फडक्यात बांधूनही ठेवल्या होत्या.

‘मग दिली का नाहीस?’ मी जवळजवळ ओरडले.

‘तूच म्हनी व्हती, तुनं बठ्ठं बंद कर. मी बंद करी टाकं,’ फुई म्हणाली. ‘माले वाटनं, तुना पुस्तकमां काही येगळं व्हई.’

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी तिथेच धाब्यावर बसून रडले. फुईने आधी घाटा संपवून घेतला, गार झाला असता तर वाया गेला असता. मग येऊन माझ्याजवळ बसली. तिने मला जवळ घेतलं वगैरे नाही. पदराने माझ्या हाताला लागलेलं पीठ पुसलं.

रडून मी मोकळी व्हायला हवं होतं. पण झाले नाही, कारण मी निम्मंच सांगितलं होतं. तिसऱ्या पारडाचं सांगितलं. दुसऱ्याचं नाही. ते माझ्या तोंडाशी आलं आणि परत गेलं, आणि मी स्वतःची समजूत घातली की आता त्याचा काय उपयोग.

चार दिवसांनी म्हैस व्याली. पुन्हा सकाळच. हेला होता, नर. लोक हेल्याकडे फारसं बघत नाहीत, पण फुईने त्याचं नाक-तोंड स्वतःच्या हाताने साफ केलं. तो उभा राहायला लागला तशी मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याची गरजच पडली नाही. फुईने दोर घेतलाच नव्हता. तिने हेल्याच्या पोटाखाली हात घातला, त्याला उचलून कासेशी नेलं आणि सड त्याच्या तोंडात दिलं. म्हशीची वार अजून आतच होती.

भिंतीवरून नानांचा आवाज आला, ‘वार पडनी का वं?’

‘नही पडनी,’ फुई गल्लीभर ऐकू जाईल अशी म्हणाली. ‘पारडू पी राहिनं.’

 जंताचं औषध मी आणून ठेवलं होतं आणि पळसपापडीही फडक्यात होती. दोन्ही एकदम द्यायचं की एकच, हे मी सरांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, औषधच दे, पळसपापडीचं प्रमाण मला माहीत नाही. सरांना माहीत नाही हे ऐकून मला का कोण जाणे, बरं वाटलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुई दहाव्या दिवसाला कुंकवाचं बोट लावून ठेवणार होती.

हेला पीत होता. फुईची नजर त्याच्यावरच होती.

‘त्या दुसराले असाच पाज्या असता,’ ती म्हणाली, ‘ते जगता का?’

‘नक्की सांगता येत नाही, फुई,’ मी म्हटलं. मग म्हटलं, ‘जगलं असतं, असं मला वाटतं.’

तिने निसटलेलं सड पुन्हा हेल्याच्या तोंडात दिलं.

‘तुले तव्हय माहीत व्हतं?’

मी खोटं बोलू शकले असते. तेव्हा ते शिकवलं नव्हतं, पुढच्या वर्षाला होतं, असं म्हटलं असतं तर तिला कळायचा काही मार्ग नव्हता.

‘हो,’ मी म्हटलं. ‘माहीत होतं.’

‘मंग बोलनी काबर नही?’

मी उत्तर शोधलं. तू मोठी होतीस म्हणून. नाना होते म्हणून. वार अडकेल म्हणून भीती वाटली. तुला माहीत असेलच असं वाटलं. यातलं प्रत्येक खरं होतं आणि एकही पुरं पडत नव्हतं. मी तिच्यासमोर नुसती उभी राहिले, तेव्हा उभी होते तशीच, त्याच जागी. फुईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिने ते पुसलं नाही, कारण तिचे दोन्ही हात हेल्याला लागलेले होते. त्याचे पुढचे पाय थरथरत होते.

‘उभी काय ऱ्हायनी,’ ती म्हणाली. ‘धर त्याले. पडी जाई.’

मी खाली बसले आणि दुसऱ्या बाजूने त्याला धरलं.